गाडीचा मेंदू आणि आमचा मेस्त

हल्ली गाडीला काही झालं की गॅरेजातून एकच निरोप येतो, "कॉम्प्युटर गेला." पूर्वी "प्लग गेला", "क्लचप्लेट गेली" असे निरोप यायचे आणि त्यात निदान एक सोय होती. काळा पडलेला प्लग किंवा झिजून गुळगुळीत झालेली प्लेट मिस्त्री आपल्या हातात ठेवायचा. आपल्याला त्यातलं काही कळलं नाही तरी खोटं काही नाही एवढं कळायचं. कॉम्प्युटरचं तसं नाही. तो म्हणजे एक बंद डबी. चांगली असो वा बिघडलेली, बाहेरून दिसते सारखीच. "गेला" म्हटलं की गेला. आपण फक्त किती पैसे ते विचारायचं.

आमच्या दादाच्या गाडीचा कॉम्प्युटर गेल्या पावसाळ्यात असाच "गेला". साधा इंजिनचा नव्हे, गिअरबॉक्सचा.

दादाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर एका जुन्या गाडीसाठी एवढी धावपळ कशाला असं तुम्हाला वाटेल. लहानपणी पोलिओने त्याचा डावा पाय गेला. पुढची वीसेक वर्षं त्याने बाजूला दोन चाकं लावलेली स्कूटर चालवली, पावसातसुद्धा. तो पेटी वाजवतो. गावोगावची भजनं, चवथीच्या आरत्या, जत्रेतली संगीत नाटकं, जिथे बोलावतील तिथे. पण स्कूटरवर पेटी नेता येत नाही. म्हणजे दर वेळी कुणाच्यातरी गाडीची वाट बघायची, आणि परत येताना "तुझं आटोपलं का रे?" असं कुणीतरी विचारायची वाट बघायची. हे त्याला मनापासून नको असे. २०१२ च्या बनावटीची एक ऑटोमॅटिक गाडी त्याने सेकंडहँड घेतली आणि हे सगळं एका दिवसात संपलं. डावा पाय गाडीत लागतो तो क्लचसाठी. ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं पेडलच नाही. गाडी घेतली त्या आठवड्यात तो एकटा पेटी घेऊन सांग्यापर्यंत जाऊन आला. तिथे त्याचं काही काम नव्हतं.

तर जुलैमध्ये ही गाडी फर्मागुडीच्या चढावर अडली. बंद पडली नाही, अडली. इंजिन जोरजोरात बोंबलतंय, गाडी मात्र गाभण म्हशीसारखी चालतेय. डॅशबोर्डवर 'डी' हे अक्षर दिसतं तिथे काहीच नाही आणि इंजिनचा पिवळा दिवा पेटलेला. दादाने गाडी बाजूला घेतली, चावी फिरवून बंद केली, पुन्हा चालू केली. सगळं ठीक! चार दिवसांनी पुन्हा तेच. मग दोन दिवसांनी. मग रोज.

इथे गिअरबॉक्सचं थोडं पुराण लावतो. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा. अशा जुन्या पद्धतीच्या चार गिअरांच्या ऑटोमॅटिकमध्ये गिअर बदलण्याचं काम तेलाचा दाब करतो. तो दाब कुठे जायचा ते ठरवणाऱ्या छोट्या विजेच्या झडपा असतात, त्यांना सोलेनॉइड म्हणतात. आणि कुठली झडप कधी उघडायची हे ठरवतो ट्रान्समिशनचा कॉम्प्युटर. गाडीचा वेग किती, ॲक्सिलरेटर किती दाबलाय, तेल किती तापलंय हे सगळं तो सतत ऐकत असतो. त्याला स्वतःच्याच प्रकृतीबद्दल शंका आली, किंवा तो गप्पच झाला, तर झडपांची वीज तुटते. मग तेल आपलं आपण ज्या वाटेने जाईल तो एकच गिअर पुढे जाण्यासाठी उरतो. पुष्कळ गाड्यांत तो तिसरा असतो. रिव्हर्स मात्र पडतो, कारण त्याची वाट आपल्या हातातला दांडाच उघडून देतो. मालकाला रस्त्यावर न सोडता कसंबसं घरी पोचवायचं, एवढ्यासाठी इंजिनिअरांनी ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे. तिसऱ्या गिअरात फर्मागुडी चढणं म्हणजे काय ते तुम्हीच समजून घ्या.

पहिल्या गॅरेजात (नाव सांगत नाही, त्यात काही अर्थही नाही) मुलांनी स्टिअरिंगच्या खालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला. पडद्यावर दोन कोड आले. 'पी ०७००' आणि 'यू ०१०१'. दुसऱ्याचा अर्थ, ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरशी संपर्क तुटला. मुलांनी कोड पुसले, गाडी फिरवून आणली, काही झालं नाही. परत दिली. दोन दिवसांनी परत गेली. पुन्हा पुसले. तिसऱ्या वेळी त्यांनी निकाल दिला, की कॉम्प्युटर गेला, नवा घालावा लागेल. ४८,००० रुपये, कोडिंगचे वेगळे. माल बाहेरून मागवायचा, पूर्ण पैसे आधी भरायचे, आणि विजेचा पार्ट असल्याने एकदा आला की परत घेणार नाहीत.

गाडीची त्या वेळची किंमत धरली तर हा आकडा ऐकून कुणीही गाडीच विकून टाकली असती. दादा काही बोलला नाही. त्याने स्कूटरवरचं ताडपत्रीचं आवरण काढलं, एवढंच मी पाहिलं. वहिनीने मला फोन करून सांगितलं, "चवथ एक महिन्यावर आलीय, आणि हा सगळ्यांना सांगतोय की यंदा माझा हात दुखतो, दुसरा कुणीतरी पेटीवाला बघा."

सल्ले भरपूर आले. कुणी म्हणालं, दिल्लीच्या मायापुरीत जुन्या गाड्यांचे पार्ट मिळतात, तिथून मागव. ते खरं आहे, मिळतात. पण पार्टनंबर अक्षरशः जुळावा लागतो, आणि जुळला तरी दुसऱ्या गाडीच्या सवयी त्यात भरलेल्या असतात, त्या काढून आपल्या गाडीच्या शिकवाव्या लागतात. आणि मुळात कॉम्प्युटर गेलाय हे ठरलंय कुठे?

हा शेवटचा प्रश्न मेस्ताचा. फोंड्याच्या बाहेर, रस्त्यावरून दिसतसुद्धा नाही अशा पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं काम चालतं. 'मेस्त' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, उस्ताद ह्या अर्थाने. कोंकणीत आपण सुताराला, शिंप्याला, गवंड्याला सगळ्यांनाच मेस्त म्हणतो. (आपल्या मराठीतली 'चावी'देखील त्यांचीच, पण ती आता इतकी आपली झालीय की कुणाला परत द्यायची नाही.) हा मेस्त आधी आखातात गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. त्याने गाडीला हात लावण्यापूर्वी दादाला अर्धा तास प्रश्न विचारले. पहिल्यांदा कधी झालं? पाऊस होता का? सकाळी होतं की गाडी तापल्यावर? हेडलाइट, एसी चालू असताना जास्त होतं का? बॅटरी कधी बदलली? दादाने सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, इतके प्रश्न मला डॉक्टरनेही विचारले नव्हते.

मग त्याने विचारलं, कोड कुणी पुसले? पुसले हे ऐकल्यावर त्याचा चेहरा पडला. कोड नोंदताना गाडी त्या क्षणाची काही माहितीही लिहून ठेवते, वेग किती होता, इंजिनचे फेरे किती, पाणी किती तापलं होतं. कोड पुसला की ती नोंदही जाते. चोरी झालेल्या घरात पोलिस यायच्या आधी कुणीतरी केर काढावा तसं झालं.

तो म्हणाला, "गाडी दोन दीस हांगा दवर. ती म्हज्या मुखार दुयेंत पडूंक जाय." माझ्यासमोर आजारी पडली पाहिजे.

ह्या दोन दिवसांत मी त्याच्याकडे जाऊन बसलो. काम सोडून बसलो असं म्हणा. आणि त्या कोडचा अर्थ मला तिथे पहिल्यांदा कळला. आपल्याकडे देवाला कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवीची पडली तर होकार, डावीची पडली तर नकार. पण पाकळी उत्तर देते ते विचारलेल्या प्रश्नाचं, आणि प्रश्न कसा घातला त्यावर पुढचं सगळं. जुनीजाणती माणसं म्हणूनच गाऱ्हाणं घालणाऱ्याकडे कान देऊन असतात. स्कॅनरचंही थोडंफार तसंच. 'यू ०१०१' हा कोड ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरचा नाहीच. तो इतर कॉम्प्युटरांनी, म्हणजे इथे इंजिनच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला असतो. शेजाऱ्याची तक्रार की बाबा, पलीकडच्या घरातून हाकेला ओ येत नाही. शेजारी मेला आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. तो झोपला असेल, त्याच्या घरची वीज गेली असेल, मधली तार तुटली असेल.

आणि 'पी ०७००' तर त्याहून बोलका निघाला. हा कोडही इंजिनचा कॉम्प्युटर नोंदवतो, पण कधी, तर ट्रान्समिशनचा कॉम्प्युटर त्याला सांगतो तेव्हा, की माझ्याकडे काहीतरी बिघाड आहे, दिवा पेटव. म्हणजे ज्या कॉम्प्युटरला मेला म्हणून पुरायला निघाले होते, त्याने स्वतः चिठ्ठी पाठवली होती! ही चिठ्ठी तीनदा वाचून तीनदा फाडली गेली.

आधी मेस्ताने तारा बघितल्या. गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी दोन पीळ घातलेल्या तारांवरून बोलतात. १९८६ साली जर्मनीच्या बॉश कंपनीने ही पद्धत जगापुढे मांडली, तिला कॅन म्हणतात. ह्या तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध लावलेला असतो. त्यामुळे बॅटरी सोडवून सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मोजलं तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर कुठेतरी तार तुटलीय, शून्याच्या जवळ आले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्यात. मल्टिमीटरवर साठ आले. तारा शाबूत.

दुसऱ्या दिवशी दुपारी धो धो पाऊस सुरू झाला. (गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्यातला बराचसा त्या दुपारी त्या पत्र्यावर पडला असावा.) मेस्त स्कॅनर जोडूनच गाडी फिरवून आला. परत आला तेव्हा 'डी' अक्षर लुकलुकत होतं. त्याने इंजिन चालूच ठेवलं आणि स्कॅनरवर कोड बघायचे सोडून ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरची चालू माहिती उघडली. त्यात एक ओळ होती, ह्या कॉम्प्युटरला मिळणारा विजेचा दाब. ९.९ व्होल्ट. मग मल्टिमीटर थेट बॅटरीवर लावला. १४.०.

"पात्रांव," दादाकडे वळून तो म्हणाला, "कॉम्प्युटर मेलो ना. ताका जेवण मेळना."

बॅटरीपासून कॉम्प्युटरपर्यंत जाताजाता चार व्होल्ट कुठे सांडतात, एवढंच आता शोधायचं होतं. वाटा दोनच, जाणारी आणि परत येणारी. जाणाऱ्या तारेवर, म्हणजे बॅटरीच्या अधिकपासून कॉम्प्युटरच्या अधिक पिनेपर्यंत, ०.२ व्होल्ट सांडत होते. ठीक आहे. मग त्याने एक टोक बॅटरीच्या उणेवर धरलं, दुसरं कॉम्प्युटरच्या अर्थिंगच्या पिनेत मागून सुई घालून. मला ब्रेक दाबून गाडी 'डी'मध्ये घालायला सांगितलं, झडपा कामाला लागाव्यात म्हणून. इथे जवळजवळ शून्य यायला हवं, फार तर ०.१. आले ३.९.

इथे मला एक शंका होती. पहिल्या गॅरेजातल्या मुलांनीही अर्थिंग तपासलं होतं, माझ्यादेखत. मल्टिमीटर 'पीं' वाजला होता. मग? मेस्त हसला आणि त्याने नळाचं उदाहरण दिलं. रात्री दोन वाजता नळ उघडून बघ, पाण्याला काय जोर असतो! सकाळी सात वाजता सगळा वाडा पाणी भरायला लागतो तेव्हा बघ. पाइपात पाला अडकलाय की नाही ते सकाळी कळतं. मल्टिमीटर 'पीं' वाजवतो तेव्हा तो तारेतून नखाएवढीसुद्धा वीज सोडत नाही. तार जोडलेली आहे, एवढंच तो सांगतो. किती भार सोसेल ते सांगत नाही.

घरी येऊन मी हिशेब केला. ओहमचा नियम १८२७ सालचा, आपण सगळे तो शाळेत शिकलो आणि विसरलो. झडपा चालू असताना तारेतून तीनेक अँपिअर जातात असं धरलं, तर ३.९ व्होल्ट सांडायला रोध लागतो अवघा १.३ ओहम. मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरी जराशा सैल असल्या तरी एवढा फरक पडतो. 'पीं' वाजणारच. ४८,००० रुपये मागणारा दोष एवढा होता.

दोष सापडला बॅटरीच्या ट्रेखाली. कॉम्प्युटरची अर्थिंगची तार एका बोल्टने गाडीच्या पत्र्याला बांधलेली होती. वरून बोल्ट लख्ख. सोडवल्यावर खाली हिरवट-पांढरी साय, आणि तिच्याखाली गंज. बॅटरीची वाफ, बारा महिन्यांतला सहा महिने दमटपणा आणि समुद्राचा खारा वारा, तिघांनी मिळून काम केलेलं. इंजिनच्या कॉम्प्युटरचं अर्थिंग दुसरीकडे होतं, म्हणून त्याला काही झालं नाही. आणि बोलणं का तुटलं तेही कळलं. सगळे कॉम्प्युटर विजेचा दाब आपापल्या जमिनीपासून मोजतात. ह्या एकाची जमीन चार व्होल्ट वर उचलली गेली होती. तो बोलत होता, पण बाकीच्यांना ते शब्द लागत नव्हते.

मेस्ताने पॉलिश पेपरने पत्रा घासून चकचकीत केला, तारेचं टोक कापून नवं थिंबल दाबून बसवलं, वर झाळ दिलं, बोल्ट आवळल्यावर सगळ्यावर ग्रीस. पुन्हा मोजलं, ०.०४. स्कॅनरवर १३.८. बिल १,२०० रुपये. दादाने दोन हजार दिले तर आठशे परत केले.

कॉम्प्युटर कधी जातच नाहीत असं मात्र नाही, आणि मेस्तही तसं म्हणाला नाही. तापून थंड होऊन आतले सोल्डरचे सांधे तडकतात, पाणी शिरतं. एखादी झडप शॉर्ट झाली तर तिला वीज देणारा आतला ट्रान्झिस्टर जळतो. अशा वेळी तर आणखी घोळ. झडप न तपासता नवा कॉम्प्युटर घातला की तोही जळतो, आणि गिऱ्हाइकाला सांगतात की माल डिफेक्टिव्ह आला. म्हणून तो म्हणतो, आधी वीज बघायची, जाणारी आणि परत येणारी, तीही भार घालून. मग बोलण्याच्या तारा, मग झडपांचा रोध. एवढं सगळं बरोबर निघालं आणि तरीही डबी गप्प, तर म्हणायचं गेली.

पहिल्या गॅरेजातली मुलं चोर होती असं मला वाटत नाही. त्यांच्या हातातल्या पुस्तकात पायऱ्या दिलेल्या असतात आणि शेवटच्या पायरीवर "मॉड्यूल बदला" असं लिहिलेलं असतं. मधल्या पायऱ्यांना वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे द्यायला आपण तयार नसतो. बिलावर "तपासणी, चार तास" असं लिहून दोन हजार लावले तर आपण काउंटरवर भांडतो, "बघायचे कसले पैसे?" तेच नवा पार्ट घालून पन्नास हजार लावले की मुकाट्याने कार्ड पुढे करतो, का, तर हातात काहीतरी नवं आलं. मेस्ताचे ते बाराशे रुपयेसुद्धा बहुधा थिंबलचे आणि ग्रीसचे म्हणूनच लोक देत असतील. त्याचे दोन दिवस कुठल्याच बिलात नव्हते.

चवथीला दादाचा हात दुखायचा थांबला, हे सांगायला नको. पाच दिवसांत त्याने किती घरच्या आरत्यांना साथ केली ते वहिनी मोजत होती, तिसऱ्या दिवशी तिने मोजणं सोडलं. पेटीच्या पिशवीत आता एक साडेतीनशे रुपयांचा मल्टिमीटर असतो. भजन आटोपलं की मंडळी चहा घेतात तेव्हा हा कुणाचं तरी बॉनेट उघडून एक टोक बॅटरीच्या उणेवर धरून उभा. गेल्या महिन्यात आमच्याच गावच्या पखवाजवाल्याची गाडी काही केल्या चालू होईना. सगळे म्हणाले, आता दादाच सांगेल अर्थिंग कुठलं ते. दादाने मोजलं, चावी फिरवायला सांगून पुन्हा मोजलं, आणि सांगितलं, "अर्थिंग चांगलं आहे. बॅटरीच गेलीय रे, नवी घे."